पाच वर्षं उभा राहिलेला मांडव

माझ्या लग्नाचा मांडव पाच वर्षं उभा होता. हे मी कौतुकानं सांगत नाही. लोकांच्या लग्नाचे फोटो राहतात, शालू राहतो, रुसलेला एखादा पाहुणा राहतो. माझा अख्खा मांडवच राहिला आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आदिलाबादला तलमडुगूच्या रस्त्याला, तेव्हा गावाबाहेरच म्हणावं अशा जागी, आमची अकरा घरं होती. सगळी मराठी, सगळी लहान धंद्यातली. कोणाचं किराणा दुकान, कोणाचं कापडाचं, दोघं-तिघं भाजीपाला पिकवून विकणारे, आणि एक मास्तर. अकरा जणांनी मिळून एका शेतकऱ्याची पडीक जमीन घेतली, मोजणी करून अकरा प्लॉट पाडले आणि मधोमध एक मोठा चौकोन मोकळा सोडला. चौकोनात विहीर. नकाशावर त्या जागेला कोणाचंच नाव नव्हतं, म्हणजे ती अकराही जणांची होती. ज्वारी तिथं वाळायची, मिरच्या तिथं, कुरडया तिथं. होळी तिथंच पेटायची आणि कोणाच्या घरी लग्न निघालं की मांडवही तिथंच पडायचा.

माझे बाबा या सोसायटीचे सेक्रेटरी होते. किराणा दुकानदाराचं अक्षर असं असू शकतं यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही, इतकं ते सुरेख होतं. लाल कापडाच्या बांधणीचं एक रजिस्टर होतं, त्याच्या पहिल्या पानावर बाबांनी नियम लिहून काढले होते. माझी शाळा तेलुगू. मराठी वाचायला बाबांनीच घरी शिकवलं आणि दुसरं पुस्तक हाताशी नसलं की ते रजिस्टरच पुढं ठेवायचे. म्हणून चौथा नियम मला पाठ आहे. "मोकळ्या जागेवर कोणीही कायमचे बांधकाम करू नये. कार्यासाठी मांडव घातल्यास मांडवपरतणी होताच तो उतरवून जागा साफ करून द्यावी." मी एका दमात वाचलं की बाबा म्हणायचे, "शाब्बास! सेक्रेटरीची पोरगी शोभते."

मांडवपरतणी म्हणजे लग्नानंतर चार-पाच दिवसांनी नवरा-नवरी जेवायला माहेरी येतात ती. ती झाली की मांडव उतरतो. त्याआधी मांडवाला आणि त्यातही मुहूर्तमेढीला हात लावायचा नाही. ही मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब, हळदकुंकू लावून पुरलेला. ती अवेळी उपटली तर पोरीच्या संसाराला धक्का लागतो, असं आमच्याकडे मानतात. आमच्या अकरा घरांत सरकारी कायदा कोणाला धड ठाऊक नव्हता, पण हे मात्र पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असावं.

आता मावशी. सख्खी नव्हे, पण सख्ख्या मावशीनं कधी माझी वेणी घातल्याचं मला आठवत नाही आणि हिनं रोज घातली. प्लॉट घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी तिचे यजमान वारले. रजिस्टरमध्ये त्यांच्या जागी तिचा अंगठा लागला. हातगाडीवर भाजी घेऊन ती बाजारात जायची. बाकी सगळ्या घरांना दोन दारं होती, एक बाहेरच्या रस्त्यावर आणि एक मधल्या चौकोनात. मावशीचं घर कोपऱ्यातलं, मागून नाला वाहायचा, त्यामुळं तिला एकच दार, चौकोनात उघडणारं. गाडी काढायची तर तिथूनच.

माझं लग्न ठरलं चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. मेढ पुरायला माणसं आली, तर जिथं पहार मारावी तिथं मुरूम. दोनदा पहार उडाली. मावशी दारातून बघत होती. म्हणाली, "काऊन दगड फोडून राह्यले बाप्पा? माह्या दारापुढं पुरा ना. वांग्याचं आळं हाय, माती मऊ हाय तितं." आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं आपली फुलावर आलेली वांग्याची झाडं स्वतःच्या हातानं उपटून बाजूला ठेवली. मेढ तिच्या दारासमोर उभी राहिली. पाच सवाष्णींनी मेढीला हळद लावली. मावशी विधवा, म्हणून ती उंबऱ्याच्या आत उभी राहून बघत होती. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता लिहिताना कसंतरीच होतं.

लग्न झालं. मी निर्मलला गेले. आमच्या ह्यांचं तिथं सायकलचं दुकान. तिसऱ्याच दिवशी सासरच्या भावकीत एक म्हातारा गेला, सुतक आलं आणि परतणी राहिली. सुतक फिटलं तोवर पाऊस लागला, मग आषाढ. आषाढात नवी नवरी सासरी नांदत नाही, तेव्हा माहेरी जायला मिळेल या आशेवर मी होते, तर सासूबाईंनी अंथरूण धरलं. बाबांचं पत्र आलं, "घाई नको. मांडव इथे तुमची वाट पाहत आहे." ते अक्षर पाहून मला रडू आलं होतं. वाटलं, बापाची माया ती हीच.

दिवाळीला पहिल्यांदा माहेरी आले. रिक्षातून उतरले, गल्लीतून चौकोनात पाऊल टाकलं आणि जागीच थबकले. मांडव खरंच उभा होता! पण वर जांभळाच्या डहाळ्या नव्हत्या, तर चकचकीत टिनाचे पत्रे होते. खाली गुळाच्या भेल्या, मिठाची पोती, तेलाचे डबे. मेढीला अजून हळदीचे डाग होते आणि तिच्यावर बाबांचा तराजू टांगलेला होता. आमचे हे हसायलाच लागले. म्हणाले, "तुह्या लग्नाला किराणा भरला वाटते." मला हसू येईना.

"बाबा, मांडव काऊन नाई उतरवला?"

"परतणी कुठं झाली? तुमी आलेच नाई."

"आता आलो ना. करून टाका."

"दिवाळीत करतात का कुठं? पाहू पुढं. एवढी काय घाई हाय?"

माय चुलीपुढून काही बोलणार होती, पण बाबांनी तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि ती पुरी लाटत राहिली. बापानं मांडव थोडे दिवस वखारीसारखा वापरला तर काय बिघडलं, असं मी मनाला समजावलं. माहेरची बाजू घ्यायला आपण नेहमी तयारच असतो.

पुढच्या पावसाळ्यात मला तिसरा महिना होता आणि निर्मलला घरी असतानाच माझं मूल पडलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. दीड महिना मी भिंतीकडं तोंड करून पडून होते. माय येऊन राहिली, तिनं माझं सगळं केलं.

त्यानंतर माहेरी गेले तेव्हा पोत्यांभोवती कमरेएवढी विटांची भिंत आली होती. भिंत मेढीला टेकवूनच बांधलेली, आणि मेढ तर मावशीच्या दारापुढं. दार आणि भिंत यांच्यात उरली होती दीड हात जागा. हातगाडी आता रस्त्यावर दुसऱ्याच्या दारात उभी असायची आणि मावशी भाजीच्या टोपल्या एकेक करून डोक्यावर घेऊन, पोट आत ओढून, आडवी होऊन त्या फटीतून निघायची.

"मावशे, हे काय व?" मी विचारलं.

"काई नाई. मी हाय बारीक, निंगते." आणि हसली. मी पण हसले! या हसण्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पण चौकोनात पाहावं तिकडं मांडव! कापडवाल्यांच्या पोरीचं लग्न होऊन चार महिने झाले होते, त्यांचा मांडव विहिरीच्या कडेला. भाजीवाल्या दोन घरांचेही मांडव उभे. तिन्ही पोरी सासरी सुखानं नांदत होत्या, पण एकीचीही परतणी झालेली नव्हती. एकात कडब्याच्या पेंड्या, एकात म्हैस, एकात जुनं कपाट. सेक्रेटरीचा मांडव राहतो तर आमचा का उतरवावा, असा साधा हिशोब होता, आणि त्याला उत्तर तरी काय देणार? कुंपणच शेत खायला लागल्यावर गुरांना कोण हाकलणार! मिरच्या वाळवायला बायका आता गच्चीवर चढत होत्या. होळी रस्त्यावर पेटली होती. जी मोकळी जागा मी पाठ केली होती, ती जागा राहिलीच नव्हती.

बाबांचा बेत मला मायनं सांगितला. कचेरीत कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की बारा वर्षं कब्जा राहिला आणि कोणी हात लावला नाही, की जागा आपली. खरं-खोटं देव जाणे. पण बाबांनी ते धरून ठेवलं होतं. बारा वर्षं जागेला कोणी हात लावू नये असं करायचं कसं? राखणदार ठेवून होत नाही, कुलूप लावून होत नाही. पण पोरीच्या लग्नाची मेढ असेल तर होतं. म्हणून परतणी करायची नव्हती. सुतक, आषाढ, दिवाळी ही सगळी निमित्तं. माझ्या बापानं माझं लग्न मुद्दाम अर्धवट ठेवलं होतं.

मी मायच्या तोंडाकडं बघत राहिले. पण मायचं सांगणं संपलं नव्हतं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तुले सांगू का नोको, समजत नाई. मीटिंग झाली होती."

मास्तरांनी ती मीटिंग बोलावली होती. मावशीचं दार मोकळं करा, एवढंच ते म्हणाले. चौथा नियम त्यांनी वाचून दाखवला, बाबांच्याच अक्षरातला. सगळे खाली माना घालून बसले होते. मग बाबा उठले. कापडवाल्यांनी त्या पावसाळ्यात आमच्या मांडवाचा एक बांबू धुणं वाळत घालायला काढून नेला होता. बाबा म्हणाले, "एक बांबू काढला, त्याच मयन्यात माह्या पोरीचं पोट रिकामं झालं. आता मेढ उपटा अन् काय होते ते पाहा. ज्याले माह्या पोरीचं वाईट पाहायचं असन त्यानं उपटावी. मी अडवत नाई."

मीटिंग मोडली. कापडवाल्यांनी दुसऱ्या दिवशी गुपचूप बांबू आणून ठेवला.

मी निर्मलला भिंतीकडं तोंड करून पडले होते तेव्हा माझ्या बापानं माझं गेलेलं लेकरू दहा माणसांपुढं मांडलं होतं, भिंत वाचवायला. हे ऐकून मला रडू आलं नाही. राग तर नंतर आला. आधी नुसतं सुन्न. बाबा जेवायला बसले, त्यांनी मला लोणचं मागितलं आणि मी वाढलं. माणूस असा धक्का बसल्यावर काय करतो? लोणचं वाढतो. दुसऱ्या दिवशी हे न्यायला आले आणि आम्ही निघालो. वाटेत बस नेरडीगोंड्याला थांबली, हे चहा प्यायला खाली उतरले आणि तेव्हा कुठं मला हुंदका फुटला. ह्यांनी खिडकीतून चहाचा ग्लास आत दिला.

मग तीन वर्षं मी गेलेच नाही. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, तीही मोडली. मुलगी झाली निर्मललाच. माय येऊन गेली. बाबांचं पत्र आलं, तसंच सुंदर. मी ते वाचून कपाटात टाकलं.

मुलगी सव्वा वर्षाची झाली तेव्हा मायच्या हट्टानं गेले. भिंत आता डोक्याच्या वर गेली होती, वखारीच्या दाराला कडी-कुलूप, बाहेर पाटीही. मेढ मात्र तशीच ठेवलेली, भिंतीच्या कोपऱ्याला, सगळ्यांना दिसेल अशी. दर सणाला बाबा तिला हळदकुंकू लावायचे म्हणे. मुलीला कडेवर घेऊन मी त्या फटीतून मावशीकडं गेले. दोघींना मिळून जाता येईना. आधी मुलीला आत दिलं, मग मी शिरले.

मावशीनं मुलीला घ्यायला हात पुढं केले आणि मला तिचं मनगट दिसलं. वाकडं. हाड बसलं होतं, पण भलत्याच कोनात. पावसात टोपली घेऊन फटीतून निघताना घसरली होती. टोपली सोडली असती तर सावरली असती, पण टोपलीत दिवसाचा सगळा माल होता. कळवलं का नाही विचारलं तर म्हणाली, "तुले कायले तरास?"

मुलीसाठी तिनं कुंची शिवून ठेवली होती. ट्रंक उघडली, घडी काढली, तर घडीबरोबर एक कागद खाली पडला. मी उचलून द्यायला गेले. तेलुगू होता, वर म्युनिसिपालटीचा शिक्का. मी सहज वाचायला लागले आणि वाचता वाचता खाली बसले.

तो हुकूम होता. मावशीनं दरखास्त दिली होती. चौकशी झाली होती. निकाल तिच्या बाजूनं लागला होता. मोकळ्या जागेवरचं बांधकाम बेकायदा आहे, अर्जदार बाईचा जाण्यायेण्याचा हक्क अडवता येणार नाही, ते पाडण्यात यावं. अर्जदारानं हा कागद घेऊन हद्द दाखवायला हजर व्हावं, म्हणजे माणसं पाठवू. हुकूम पावणेदोन वर्षांपूर्वीचा होता!

"मावशे, हा तं हुकूम हाय! तू जिंकली होती!"

"हाव. मास्तरनं वाचून दाखवला होता."

"मंग नेला काऊन नाई?"

ती मुलीच्या डोक्यावर कुंची बसवत होती, नाडी बांधत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुले तवा चौथा मयना होता."

मी कागदावरच्या तारखेपासूनचे महिने बोटांवर मोजले.

"दार काय, आज ना उद्या सुटंन," ती म्हणाली. "लेकरू एकदा गेलं तं येते का वापस? मास्तर लय रागावला माह्यावर. म्हने, असं काई नसते. नसन बापा. पन म्या कायले पाहू, असते का नसते ते?"

मी सांगते, बापाच्या वागण्यानं मला जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा या बाईच्या शब्दांनी बसला. वाईटाची आपण कुठंतरी तयारी ठेवलेली असते. एवढ्या चांगुलपणाची ठेवत नाही. आणि हातातला कागद अजून संपला नव्हता. खाली हुकूम मिळाल्याच्या सह्या होत्या. एक मावशीचा अंगठा. दुसरी सेक्रेटरी म्हणून घेतलेली, मराठीत. "मिळाला" असं लिहून खाली नाव. ज्या अक्षरावरून मी वाचायला शिकले ते अक्षर मला कसं ओळखू येणार नाही?

म्हणजे बाबांना सगळं ठाऊक होतं. ती जिंकली हे ठाऊक होतं आणि तिनं कागद ट्रंकेत ठेवला हेही. तो का ठेवला हे न कळायला ते काही कुक्कुलं बाळ नव्हते. त्यानंतर भिंत कमरेपासून डोक्यावर गेली होती, त्यानंतर तिचा हात मोडला होता.

घरी आले. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला. ते दचकले नाहीत. अडकित्ता खाली ठेवला, चष्मा लावून वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मंग? मी काय तिचा हात धरला होता? तिनंच नाई नेला."

मी बापाशी त्या दिवशी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाले की उद्या हे आम्हाला न्यायला येणार आहेत आणि उद्या माझी मांडवपरतणी आहे. बाबा हसले. "पाच वर्सांनी?" म्हणाले. पण आत स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज झाला आणि मायनं सुपात हरभऱ्याची डाळ ओतली. बाबांना न विचारता मायनं काही केलेलं मी पहिल्यांदा बघत होते. "पुरनाची डाळ निवडाले बस," ती मला म्हणाली, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात.

सकाळी मी कुंकवाचा करंडा घेऊन दहाही घरं फिरले. "आज माही परतणी हाय, जेवाले या." बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या. दुपारच्या बसनं हे आले. हात धुवायच्या आत मी त्यांना सगळं सांगितलं. ते तसे गमतीत बोलणारे, पण त्या दिवशी नुसतं म्हणाले, "पहार कुठं हाय?"

वखारीचं कुलूप मायनं काढलं. पोत्यांच्या मधे पाट मांडले, रांगोळी घातली आणि आम्ही दोघं सव्वा वर्षाच्या मुलीला मांडीवर घेऊन परतणीचं जेवलो. मुलीनं पुरणपोळी पोत्यांना फासली. मग मी उठले, मेढीजवळ गेले. सगळी कॉलनी जमली होती. आता बाबा बाहेर आले.

"तू आता दुसऱ्या घरची. या सोसायटीत तुह्या नावाचं काय हाय? कोनत्या हक्कानं हात लावते?"

"जागा माही नाई, बाबा. लग्न तं माहं हाय."

मास्तर पुटपुटले, "बरोबर हाय." ती मीटिंग मोडल्यापासून त्या चौकोनात बाबांविरुद्ध उच्चारलेले ते बहुधा पहिले दोन शब्द असावेत.

खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. शिकलेली होते, चिडलेली होते, पण एक लेकरू गमावलेली बाई होते. मी मेढीला हात घातला तोच मावशी दारातून ओरडली, "थांब! थांब व बाई! नोको उपटू!" आणि तिनं आधी पाहिलं ते आमच्या ह्यांच्याकडं, मग मायच्या कडेवरच्या माझ्या मुलीकडं, दोघं जागेवर आहेत ना म्हणून. आमचे हे तिला म्हणाले, "मावशी, मी हितंच हाय. पोट भरून जेवलो बी. काई होत नाई."

मी जोर लावायला पाय रोवले, पण जोर लागलाच नाही. मेढ सरळ हातात आली आणि मी मागं पडता पडता वाचले. खाली वाळवीनं सगळी खाल्लेली होती. जमिनीखाली लाकूड असं उरलंच नव्हतं, नुसता भुगा. पाच वर्षं ज्या खांबाला अकरा घरं भ्याली तो भिंतीच्या आधारानं उभा होता. कोणीतरी फसकन हसलं. बाबा त्या भुग्याकडं बघत होते. एवढं थकलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. मला कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही.

भिंत आम्ही त्या दिवशी पाडली नाही. दुसऱ्या दिवशी मी मावशीला घेऊन कचेरीत गेले, हुकूम दाखवला, हद्द दाखवायला तिच्या शेजारी उभी राहिले. हेलपाटे झाले, पण आठवड्याच्या आत माणसं आली आणि दारापुढची भिंत पायापासून निघाली. मी तोवर माहेरीच राहिले. बाबा माझ्याशी बोलत नव्हते आणि मी त्यांच्याशी. बाकीच्या पोरींच्या परतण्या त्या उन्हाळ्यात धडाधड उरकल्या. दोन मांडव उतरले. एक मात्र आजही आहे, त्यात पिठाची गिरणी चालते. रजिस्टर मास्तरांकडं गेलं. त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण चौथा नियम त्यांनी पुन्हा लिहून काढला.

भिंत निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन आमच्या मागच्या दारात बसले होते. मावशीची हातगाडी तिच्या दारासमोर आणून लावली होती. मधे काही नाही, सगळं मोकळं, नुसता विटांचा चुरा. मावशी डोक्यावर टोपली घेऊन उंबऱ्यात आली. समोर बघितलंही नाही. डावीकडं वळली, आडवी झाली, पोट आत ओढलं आणि ते वाकडं मनगट नसलेल्या भिंतीवर टेकवत टेकवत बाजूबाजूनं सरकत निघाली.

"मावशे!" मी ओरडले. "समोरून ये ना व!"

ती थांबली. आपल्या हाताकडं बघितलं, तो कशालाच टेकलेला नव्हता. "हाव का व," म्हणाली. मग तशीच आडवी सरकत मागं गेली, उंबऱ्याच्या आत शिरली आणि दारातून पुन्हा सरळ बाहेर आली.